एस-१६० : करडा की काळा? (रेल्वे मॉडेलवाल्यांची मदत हवी)

रूळकरी | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, अडलोय म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझा आतेभाऊ न्यूरेंबर्गजवळ राहतो. तिथे जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार भरतो, त्यातून त्याने माझ्यासाठी एक इंजिन उचललं आणि गेल्या महिन्यात येताना चड्ड्या-बनियनमध्ये गुंडाळून आणलं. खोका नाही, कागद नाही. एच-शून्य स्केल, म्हणजे १:८७. रंग काळा, चाकं लाल, तोंडावर लाल चांदणी, उंच धुराडं, आणि टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) कोळशाच्या कप्प्यावर फळ्यांची भर. मला वाटलं काहीतरी सोव्हिएत प्रकरण आहे. खालून बघितलं आणि चाकांची मांडणी मोजली : पुढे एक छोटी जोडी, मग चार मोठ्या जोड्या, मागे काही नाही. सपाट, कमी उंचीचा बॉयलर, वर दोन घुमट, टेंडरला अमेरिकी बोगी. अरे, हे तर एस-१६०!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर युरोपात सैन्य पाठवायचं तर रेल्वेही सोबत न्यावी लागणार हे त्यांच्या सैन्याने आधीच ओळखलं होतं. परत घेतलेल्या मुलखात रूळ उखडलेले असणार, इंजिनं पळवलेली किंवा फोडलेली असणार. म्हणून १९४२ मध्ये मेजर जे. डब्ल्यू. मार्श यांच्या हाताखाली २-८-० मांडणीचं एक काटकसरीचं मालगाडीचं इंजिन आखलं गेलं. अल्को, बाल्डविन आणि लिमा या तीन कारखान्यांनी मिळून १९४६ पर्यंत २,१२० इंजिनं बनवली. ओतीव भागांऐवजी जमेल तिथे लाटलेल्या पत्र्याचे भाग, आसांना तेलाऐवजी ग्रीस, शोभेचं काही म्हणजे काही नाही. आणि ब्रिटनच्या बोगद्यांतून, पुलांखालून जायला हवं म्हणून अंग चोरून बांधलेलं. अमेरिकी इंजिन म्हटल्यावर जो धिप्पाडपणा डोळ्यापुढे येतो तो इथे नाही. गर्दीच्या लोकलमध्ये शिरताना आपण पाठीवरची बॅग पोटाशी घेतो तसं काहीसं.

मोठ्या चाकाचा व्यास ५७ इंच, म्हणजे साधारण १.४५ मीटर, आणि रुळांमधलं अंतर १.४३५ मीटर. माझ्या मॉडेलमध्ये चाक १६.६ मिलिमीटर आणि रूळ १६.५. चाक जवळजवळ रुळाच्या अंतराएवढंच! काल रात्री कॅलिपर घेऊन हे मोजत बसलो होतो तेव्हा घरातून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तर प्रश्न. माझ्या डोक्यात कधीपासून एक छोटा देखावा आहे, सहा फूट बाय दीड फूट : १९४३-४४ सालचं इंग्लंड, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं एक गावाकडचं यार्ड, नॉर्मंडीच्या स्वारीआधीची लगबग. त्यासाठी हे इंजिन अमेरिकी सैन्याच्या करड्या रंगात हवं, टेंडरवर पांढऱ्या अक्षरांत ‘ट्रान्सपोर्टेशन कोअर, यू. एस. ए.’ आणि कॅबवर, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर, नंबर. म्हणजे आधीच्या मालकाने केलेलं सगळं खरवडायचं, धुराडं कापायचं, चांदणी काढायची, फळ्या उतरवायच्या. हात धजावत नाही. काम हाताने केलेलं आहे आणि फार सुरेख आहे.

खरवडू की नको? आणि खरवडायचं तर कशाने?

---

चिंटू_चिंचवडकर | सोमवार, रात्री १०:५५

आधी फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हणजे वाफेशिवाय इंजिन.

---

मीठभाकर | सोमवार, रात्री ११:२०

रेल्वेतलं काही कळत नाही, पण वाचतेय. एक बाळबोध प्रश्न : अमेरिकेत बनलेल्या इंजिनाला लाल चांदणी कशी?

---

रूळकरी | सोमवार, रात्री ११:४८

@मीठभाकर, बाळबोध अजिबात नाही, धाग्याचं मूळ तिथेच आहे. युद्ध संपलं आणि ही इंजिनं होती तिथेच राहिली. त्यांना परत न्यायला अमेरिकेला कसलीच गरज नव्हती. ज्याची रेल्वे मोडली होती त्याने ती घेतली. हंगेरीने १९४७ मध्ये ५१० विकत घेतली, त्यातली ४८४ प्रत्यक्ष चालवली, वर्ग ४११. पोलंडमध्ये ५७५ गेली. इटलीत अडीचशेच्या आसपास, वर्ग ७३६. चेकोस्लोव्हाकियात ८०, युगोस्लाव्हियात ६५, ऑस्ट्रियात ३०, तुर्कस्तानात ५०, फ्रान्समध्ये १२१. सोव्हिएत युनियनला तर युद्ध चालू असतानाच २०० मिळाली होती, त्यांच्या रुंद रुळांसाठी बनवलेली. ग्रीस आहेच. म्हणजे अमेरिकी करदात्याच्या पैशाने बनलेली इंजिनं पुढे वीस-पंचवीस वर्षं लोखंडी पडद्याच्या पलीकडे कोळसा ओढत होती.

हंगेरीत त्यांना ‘ट्रूमन’ म्हणत. आखणी झाली रूझवेल्टच्या काळात, पण पोचली तेव्हा अध्यक्ष ट्रूमन. नाव त्याचं चिकटलं.

फोटो उद्या. मोबाईलचा कॅमेरा आणि ट्यूबलाइट यांचं पटत नाही.

---

सोळा_पूर्णांक_पाच | मंगळवार, सकाळी ७:१५

धागा छान. पण रंगावर वाद घालण्याआधी एक गणित करा, कारण मला वाटतं तुमचा निर्णय तिथेच होतोय.

तुमचं इंजिन १:८७. तुम्हाला ग्रेट वेस्टर्नचं यार्ड करायचंय. ब्रिटिश वाघिणी, डबे, सिग्नलच्या केबिनी, सगळं बाजारात मिळतं ते १:७६ मध्ये, ज्याला ओओ म्हणतात. रूळ दोघांचे सारखेच, १६.५ मिलिमीटर, म्हणून लोकांना वाटतं चालून जाईल. चालतं, पण दिसत नाही. मुळात ब्रिटिश गाड्या अंगाने लहान, आणि जुन्या काळी एच-शून्यातल्या ब्रिटिश इंजिनात मोटर मावत नव्हती, म्हणून त्यांनी वरचं अंग १:७६ केलं आणि रूळ तेच ठेवले. त्यामुळे ओओचं इंजिन खरं तर १.२६ मीटरच्या रुळावर उभं असल्यासारखं दिसतं. काटेकोर हवं तर १८.८३ मिलिमीटर लागतात. तसं करणारेही लोक आहेत, त्यांच्या बायकामुलांना माझा नमस्कार.

आता तुमचं एस-१६० आधीच ब्रिटिश मापात अंग चोरून बसलेलं, त्यात १:८७. शेजारी १:७६ ची वाघीण ठेवली की इंजिन खेळण्यातलं दिसेल. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला तर यार्डातल्या हमालाच्या कमरेला लागेल.

ब्रिटनच करायचं असेल तर ओओमध्ये डीजेएच कंपनीचा धातूचा किट होता, तो जुन्यात शोधा आणि डाग देत बसा. जे हातात आहे ते युरोप खंडाचं आहे, त्याला खंडातच राहू द्या.

---

रूळकरी | मंगळवार, सकाळी ९:०२

सकाळी सकाळी पोटात गोळा आला. हे मला सुचायला हवं होतं. पण समजा वाघिणी ठेवल्याच नाहीत? नुसतं इंजिन, शेड, कोळशाचा ढीग? १९४४ च्या आधी चारशेच्या आसपास इंजिनं तशीही ब्रिटनमध्ये रांगेत उभी करून ठेवली होती, स्वारीची वाट बघत. न्यूपोर्टजवळच्या ओळी प्रसिद्ध आहेत. मागे वाघीण नको, पुढे नको.

---

सोळा_पूर्णांक_पाच | मंगळवार, सकाळी ९:१०

शेडचा दरवाजा कुठल्या स्केलचा?

---

रूळकरी | मंगळवार, सकाळी ९:११

😐

---

लीड्सचा_बाळ्या | मंगळवार, दुपारी ४:३०

मी खरवडण्याच्या बाजूने. कारण सांगतो.

आमच्या इथून जवळ कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे आहे, जुन्या वाफेच्या गाड्या चालवणारी हौशी लोकांची संस्था. त्यांच्याकडे एस-१६० आहे, नंबर ५८२०. मुलाला घेऊन तीन-चारदा गेलोय. करडा रंग, पांढरी अक्षरं, अगदी सैन्यातून कालच सुटून आल्यासारखं. पण ते आलं १९७७ मध्ये पोलंडहून, तिथे ते टीआर२०३-४७४ होतं. म्हणजे सैन्यात वर्ष-दीड वर्ष आणि पोलंडमध्ये तीस वर्षं. तरी रंग कुठला दिला? करडा. चर्नेट व्हॅली रेल्वेवालं ५१९७ तर चीनमधून आणलेलं. तेही सैन्याच्याच रूपात. खऱ्याखुऱ्या शंभर टनी इंजिनांना लोक हवा तो जन्म देतात, तर तुमच्या पावशेर इंजिनाने काय पाप केलंय?

आणखी एक मजा. एस-१६० चं धाकटं भावंड म्हणजे एस-१००, तीन जोड्या चाकांचं शंटिंगचं (यार्डात डबे हलवायचं) टँक इंजिन. ३८२ बनली. त्यातली १५ युद्धानंतर सदर्न रेल्वेने घेतली (एक नुसतं सुट्या भागांसाठी), मुख्यतः साउथॅम्प्टनच्या गोदीसाठी, १९६२ पर्यंत तिथे राबली. ब्रिटिश रेल्वेत त्यांचे नंबर ३००६१ ते ३००७४. युगोस्लाव्हियाने शंभरावर घेतली आणि इतकी आवडली की स्लाव्होन्स्की ब्रोदच्या कारखान्यात तशीच नवीन बनवली. त्यातलं १९६० साली बनलेलं एक ब्रिटनमध्ये आणलं गेलं आणि त्याला नंबर दिला ३००७५! मालिकेतला पुढचा. त्या इंजिनाने अमेरिका पाहिली नाही, युद्ध पाहिलं नाही, साउथॅम्प्टनची गोदी पाहिली नाही. लोक आनंदाने तिकीट काढून बसतात. मीही बसलो असतो.

(या छोट्या टँकचं ओओतलं मॉडेल ‘मॉडेल रेल’ मासिकाने बाखमनकडून करून घेतलं होतं. रूळकरी, इंग्लंडच हवं तर ते बघा, स्केलची कटकटच नाही.)

---

चिंटू_चिंचवडकर | मंगळवार, दुपारी ४:४५

३००७५ म्हणजे आमच्या सोसायटीतला तो काका, जो चाळीत कधीच राहिला नाही पण चाळीच्या आठवणी सांगतो.

---

मीठभाकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१२

😂 चिंटू.

मला वाटतं फरक आहे पण. ते इंजिन संस्थेचं आहे, त्यांनी आणलं, त्यांनी रंगवलं. इथे रूळकरींच्या हातात कुणा दुसऱ्या माणसाचं काम आहे. आजीची गोधडी उसवून त्याचं कुशन कव्हर करणं आणि दुकानातली चादर फाडणं एक नाही.

---

कल्याणलोकल | मंगळवार, रात्री ८:३०

हे आपल्याकडे आलं होतं का? रेवाडीच्या शेडमध्ये ‘विराट’ नावाचं अमेरिकी इंजिन पाहिलंय, तेच का हे?

---

सोळा_पूर्णांक_पाच | मंगळवार, रात्री ९:०५

नाही. रेवाडीचं ‘विराट’ एडब्ल्यूई वर्गाचं, २-८-२, बाल्डविनचंच, पण भावंड नाही, फार तर चुलत. मागे एक चाकांची जोडी जास्त, अंगापिंडानेही मोठं. एस-१६० चा खरा भारतीय अवतार म्हणजे एडब्ल्यूसी वर्ग, ब्रॉड गेजसाठी बनवलेली ६० इंजिनं. त्याशिवाय मीटर गेजवर आलेली ‘मॅकआर्थर’ २-८-२ वेगळी. बंगाल-आसामकडे अमेरिकी सैनिकांनी स्वतः रेल्वे चालवली तेव्हाचा काळ.

एडब्ल्यूसीचं मॉडेल करायचं म्हटलं तर १:८७ मध्ये आपलं ब्रॉड गेज १९.२६ मिलिमीटर येतं. तसे रूळ तयार मिळत नाहीत, एकेक स्लीपर कापून स्वतः घालायचे. आपल्यापैकी बहुतेक जण १६.५ वर गुपचूप डबे चढवतात आणि दोन फुटांवरून बघतात.

---

रूळकरी | मंगळवार, रात्री ११:३०

फोटो टाकले आहेत. आणि एक कबुली.

रंग कशाने निघतो ते बघायला आधी एका भंगार वाघिणीवर प्रयोग केला. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर वापरलं. रंग निघाला, वाघीणही निघाली. प्लॅस्टिक श्रीखंडासारखं मऊ झालं, बोटाचा ठसा अजून आहे त्यात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, ते व्यवस्थित चाललं. मग... हात शिवशिवत होते. टेंडरची उजवी बाजू थोडीशी पुसून बघितली. थोडीशी म्हणता म्हणता सगळी गेली. कापसाच्या काडीवर काळा रंग आणि खाली कारखान्यातला मूळ करडा! म्हणजे आधीच्या मालकाने अमेरिकी सैन्याचं मॉडेल घेऊन त्याचं हंगेरीकरण केलं होतं. रोको कंपनीने हे इंजिन काही वर्षांपूर्वी एच-शून्यात काढलं होतं, त्यातलंच असावं.

म्हणजे मी खरवडत नाहीये, मूळ रूपाकडे नेतोय. असं आपलं मनाला सांगतोय.

नंबरही ठरवला आहे : २४०३. ग्रेट वेस्टर्नला दिलेल्या १७४ इंजिनांपैकी. डिकॅल (चिकटवायची अक्षरं) घरीच छापेन.

अजून एक. टेंडर उलटं केलं तर खालच्या पट्टीवर टोकदार काहीतरी घेऊन बारीक कोरलंय. भिंगातून वाचलं : एच-ए-टी-व्ही-ए-एन, आणि पुढे १९६२. भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं तर म्हणतं हंगेरियनमध्ये ‘साठ’. साठ, १९६२? साठ काय? किंमत? साठावं मॉडेल? कुणाला काही सुचतंय?

---

चिंटू_चिंचवडकर | मंगळवार, रात्री ११:३८

साठ सालचं गणित बासष्टला सुटलं असेल.

---

लीड्सचा_बाळ्या | बुधवार, पहाटे ३:५०

रूळकरी, २४०३ नको.

नोव्हेंबर १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या हनीबोर्नला त्याच इंजिनाच्या फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं, छत कोसळलं. फायरमन गेला. ब्रिटनमध्ये या वर्गाच्या बाबतीत असं एकदाच झालं नाही, पण पहिला नंबर हाच. दुसरा कुठलाही घ्या. १६०४ घ्या, ११ डिसेंबर १९४२ ला लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर समारंभाने सोपवलं होतं ते.

---

भुसावळकर | बुधवार, सकाळी ६:२०

मी इथे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

१९७१ मध्ये क्लीनर म्हणून लागलो, मग फायरमन, मग ड्रायव्हर. डब्ल्यूजी इंजिनावर अर्धी हयात गेली. हे अमेरिकी इंजिन मी पाहिलेलं नाही, पण वरचा अपघात काय असतो ते मला ठाऊक आहे.

फायरबॉक्सच्या छतावर सतत पाणी पाहिजे. खाली हजार डिग्रीचा जाळ, वर पाणी, मधे अर्ध्या-पाऊण इंचाचा पत्रा. पाणी आहे तोवर पत्रा शाबूत. पाणी खाली गेलं की पत्रा मऊ होतो आणि बॉयलरचा सगळा दाब त्याला आत ढकलतो. मग कॅबमध्ये जे येतं ते वाफ नसते, साक्षात यम असतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं : जेवण चुकलं तरी चालेल, गेज ग्लासवरची नजर चुकायची नाही.

गेज ग्लास म्हणजे काचेची उभी नळी. खालचं टोक बॉयलरच्या पाण्यात उघडतं, वरचं वाफेत. दोन्ही कॉक उघडे असतील तर नळीतलं पाणी आणि बॉयलरमधलं पाणी एका पातळीत. वरचा कॉक बंद असला किंवा अर्धवट असला की वरून वाफेचा दाब नीट येत नाही, खालून पाणी चढतं आणि नळी भरलेली दिसते. बॉयलर रिकामा होत असतो आणि काच सांगते पोट भरलंय. काच खोटं बोलते.

ब्रिटिश पद्धतीच्या इंजिनात कॉकला दांडी असते. दांडी कुठल्या दिशेला आहे ते लांबूनही दिसतं. या अमेरिकी इंजिनात गोल फिरवायची मूठ होती, नळाच्या तोटीसारखी. तोटी किती उघडी आहे ते नुसतं बघून सांगा पाहू? आणि ज्या पोरांना ती इंजिनं दिली ती दुसऱ्या पद्धतीवर शिकलेली, युद्धाची घाई, रात्री दिवे बंद. त्या फायरमनची चूक मी म्हणणार नाही.

नंबर तुम्ही कुठलाही टाका. तो टाकलात तर कॅबमध्ये काचेच्या वरच्या मुठीला लाल ठिपका द्या. एवढंच.

---

मीठभाकर | बुधवार, सकाळी ८:४०

काका, अंगावर काटा आला. तुम्ही लिहीत जा हो.

---

सोळा_पूर्णांक_पाच | बुधवार, सकाळी ८:५८

काका, दंडवत. आजवर मी त्या मुठीला कॅबमधली ‘डिटेलिंग’ समजत होतो.

---

रूळकरी | बुधवार, सकाळी १०:१५

काका, २४०३ रद्द. १६०४ पण नको, समारंभ वगैरे. सध्या कुठलाच नंबर नको. ठिपका मात्र देणार.

---

सुमेधा_बुदापेश्त | बुधवार, दुपारी १:०५

दोन दिवस कामात होते, आता हा धागा पाहिला आणि ओरडलेच ऑफिसात.

रूळकरी, थांबा! दुसऱ्या बाजूला हात लावू नका!

ते ‘साठ’ नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ साठच, पण ते गावाचं नाव आहे. उच्चार साधारण हॉत्वॉन. बुदापेश्तपासून साठेक किलोमीटरवर, मिश्कोल्तच्या मार्गावरचं जंक्शन. तिथून एक फाटा शॉल्गोतार्यानकडे जातो, एक सोल्नोककडे. इंजिनशेड होती तिथे. माझ्या नवऱ्याचे आजोबा त्याच मार्गावर पॉइंट्समन (सांधेवाले) होते, त्यामुळे आमच्याकडे हे नाव दर नाताळात निघतं.

म्हणजे तुमच्या आधीच्या माणसाने नुसतं ‘हंगेरी’ केलं नाही. त्याने एक शेड आणि एक साल ठरवलं आणि तसं इंजिन केलं. उंच केलेलं धुराडं, टेंडरवरची भर, ती चांदणी, हे सगळं त्या वर्षातलं आहे. इथल्या रेल्वे संग्रहालयात ४११.११८ उभं आहे, अजूनही वाफेवर निघतं. रविवारी जाऊन तुमच्या फोटोशी ताडून बघते. आणि हो, लोक त्याला आजही ट्रूमनच म्हणतात. नवऱ्याच्या आजोबांना अमेरिकेचा दुसरा कुठला अध्यक्ष आठवत नसे, हा मात्र आठवे.

---

चिंटू_चिंचवडकर | बुधवार, दुपारी १:२०

साठ किलोमीटरवर साठ नावाचं गाव. वा. आपल्याकडे असतं तर नाव दहा किलोमीटर पुढचं असतं.

---

रूळकरी | बुधवार, रात्री ११:५५

दिवसभर काम झालं नाही.

सांगतो काय झालं ते. संध्याकाळी टेंडर परत भिंगाखाली घेतलं, न पुसलेली डावी बाजू. आतापर्यंत मला ती ‘धूळ आणि गंज दाखवलाय’ एवढीच दिसत होती. आता बघितलं तर पाणी भरायच्या तोंडाखाली पांढरट ओघळ आहेत, क्षाराचे, आणि ते फक्त तिथेच. फळ्यांची भर एका फळीने तिरकी आहे. सरळ बसवता आली असती, मुद्दाम तिरकी बसवली आहे, कारण खऱ्या एखाद्या टेंडरवर ती तशी असणार. त्याने कुठलातरी फोटो समोर ठेवून केलं असेल. किंवा फोटोची गरजच पडली नसेल.

मी लहानपणी कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या नादाला लागलो. तिथे दिवे मंद होतात आणि रात्रीचं शहर सुरू होतं, तेव्हा मी वडिलांचा हात सोडून काचेला नाक लावलं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं ते ‘एखादं’ यार्ड, ‘एखादं’ स्टेशन. इंग्लंड सुद्धा पुस्तकातल्या चित्रावरून आलेलं. हनीबोर्न कुठे आहे ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. या माणसाला हॉत्वॉन माहीत होतं.

तर बेत बदलला. इंग्लंड गेलं. सहा बाय दीडमध्ये हॉत्वॉनच्या शेडचा एक कोपरा, १९६२. स्केलचा प्रश्नही मिटला, १६.५ साहेबांना आनंद होवो. धुराडं राहणार, चांदणी राहणार. उजवी बाजू मी पुन्हा काळी करेन, पण त्याच्यासारखे ओघळ मला जमणार नाहीत. ती बाजू भिंतीकडे.

---

लीड्सचा_बाळ्या | गुरुवार, पहाटे ४:१०

मी अजून करड्याच्याच बाजूने आहे, पण इथे हरलो. उजवी बाजू काळी करू नका मग. खाली मूळ करडा निघालाच आहे, तो तसाच ठेवा. एका बाजूने १९४४, दुसऱ्या बाजूने १९६२. पाहुणे बघून इंजिन फिरवायचं.

---

सोळा_पूर्णांक_पाच | गुरुवार, सकाळी ७:३०

हा सल्ला देणाऱ्याचं खातं बंद करावं अशी प्रशासकांना विनंती.

---

भुसावळकर | गुरुवार, सकाळी ७:४५

फिरवायला टर्नटेबल लागेल. शेड आहे म्हणता तर टर्नटेबल पाहिजेच.

---

सुमेधा_बुदापेश्त | गुरुवार, दुपारी २:३०

रूळकरी, एक वाईट बातमी. नवऱ्याला विचारलं. १९६२ मध्ये हॉत्वॉनला वाफेची इंजिनं होती हे खरं, पण तोवर मुख्य मार्गावर विजेच्या तारा आलेल्या होत्या. म्हणजे मागे मुख्य मार्ग दाखवलात तर खांब आणि वर तारा दाखवाव्या लागतील.

---

रूळकरी | गुरुवार, दुपारी २:४१

किती अंतरावर एक खांब?

---

सुमेधा_बुदापेश्त | गुरुवार, दुपारी २:४४

रविवारी संग्रहालयातून तसंच पुढे हॉत्वॉनला जाते, पावलं टाकून मोजते. उंचीसाठी नवऱ्याला खांबाशेजारी उभं करून फोटो काढेन. तो एक मीटर ब्याऐंशी आहे.

---

चिंटू_चिंचवडकर | गुरुवार, दुपारी २:५०

१:८७ मध्ये नवरा २०.९ मिलिमीटर. तोही छापून घ्या.